हॉलसाठी एव्ही रिसीव्हर घेताय? आधी टेप काढा

माझा पहिला रिसीव्हर नऊ चॅनलचा, म्हणजे नऊ स्पीकर चालवू शकणारा होता. का, तर दुकानात सात चॅनलच्या शेजारीच तो ठेवलेला होता आणि 'घेतोच आहोत तर' असं वाटलं. घरी आणल्यावर कळलं की सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे, उजव्या बाजूला भिंतच नाही, तिथून आतल्या खोलीकडे जायची वाट आहे, आणि छताला भोकं पाडायला घरात कोणीही तयार नाही. नऊपैकी पाचच चॅनल वाजले. उरलेल्या चारांच्या टर्मिनलांवरची प्लॅस्टिकची टोपणं मी तो रिसीव्हर विकला तेव्हाही जागच्या जागी होती.

तेव्हापासून कोणी 'कुठला रिसीव्हर घेऊ?' असं विचारलं की मी उलट विचारतो, 'सोफ्याच्या मागे किती जागा आहे?' समोरचा जरा बुचकळ्यात पडतो. पण या प्रश्नाचं उत्तर मिळालं की निम्मी मॉडेलं आपोआप यादीतून गळतात.

अगदीच नवख्यांसाठी दोन ओळी: एव्ही रिसीव्हर ही पेटी तीन कामं करते. टीव्ही बॉक्स, गेम कन्सोल, डिस्क प्लेयर यांच्या वायरी एका जागी घेते, त्यातला आवाज उलगडून कुठला भाग कुठल्या स्पीकरला जायचा ते ठरवते, आणि त्या स्पीकरांना हलवण्याइतकी ताकद देते. चित्र ती टीव्हीकडे तसंच पुढे ढकलते. आवाज मुळात स्पीकर आणि खोली मिळून घडवतात. म्हणूनच निवड पेटीपासून सुरू करायची नाही.

पायरी १: खोलीचा कच्चा नकाशा

कागद घ्या आणि हॉलचा चौकोन काढा. त्यावर चार मापं लिहा: टीव्हीपासून सोफ्यापर्यंतचं अंतर, सोफ्याच्या पाठीपासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर, सोफ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला भिंत किंवा स्टँड ठेवायला जागा आहे का ते, आणि छताची उंची. दारं, खिडक्या, येण्याजाण्याची वाट यांच्यावर फुली मारा. तिथे स्पीकर येणार नाही आणि वायरही जाणार नाही.

आता पाच-पॉइंट-एक, सात-पॉइंट-एक हे आकडे समजून घ्या. पहिला आकडा कानाच्या उंचीवरच्या स्पीकरांचा, दुसरा सबवूफरचा (फक्त जड आवाज, म्हणजे बास, देणारा स्पीकर), तिसरा असलाच तर डोक्यावरच्या स्पीकरांचा. म्हणजे ५.१.२ म्हणजे कानाच्या पातळीवर पाच, एक सबवूफर आणि वर दोन. सबवूफरमध्ये बहुतेक वेळा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. रिसीव्हर त्याला एका आरसीए वायरीतून फक्त सिग्नल देतो. म्हणून ५.१.२ साठी सात चॅनलचा रिसीव्हर पुरतो, आठ लागत नाहीत. सुरुवातीला इथे बरेच जण अडखळतात.

समोरचे डावे-उजवे स्पीकर बसल्या जागेवरून मधल्या रेषेपासून साधारण २२ ते ३० अंशांवर यावेत. पाच स्पीकरांच्या मांडणीत सराउंडचे, म्हणजे बाजूने-मागून आवाज देणारे, दोन ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागे. सोफा भिंतीला चिकटलेला असेल तर त्यांना मागे जागाच उरत नाही. मग ते अगदी कानांच्या रेषेत, बाजूला ठेवावे लागतात. तेही चालतं. मात्र सात स्पीकरांच्या मांडणीतले मागचे दोन १३५ ते १५० अंशांवर लागतात. सोफ्यामागे मीटरभर तरी मोकळी जागा नसेल तर ते स्पीकर थेट मानेत बोलतात. अशा खोलीत सात-पॉइंट-एकचा हट्ट सोडा आणि ते दोन चॅनल डोक्यावरच्या स्पीकरांसाठी राखा.

डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलं आणि २०१४ मध्ये घरच्या रिसीव्हरांत. डीटीएस:एक्स त्यानंतर वर्षभराने. डोक्यावरचे स्पीकर कामाला लावणारे हे आवाजाचे दोन प्रकार. दोन्हींत आवाजाची जागा उंचीसकट सांगितलेली असते. छतात स्पीकर बसवता आले तर उत्तम. नाही तर समोरच्या स्पीकरवर ठेवून छताकडे तोंड करणारे स्पीकरही मिळतात. त्यांचा आवाज छतावर आपटून खाली येतो, म्हणून छत सपाट आणि टणक हवं. डॉल्बीच्या सूचनेनुसार अशा स्पीकरांसाठी छताची उंची साधारण २.३ ते ४.३ मीटर असावी. उतरतं छत किंवा आवाज शोषणाऱ्या टाइल्स असतील तर त्यांच्यावर पैसे घालवू नका.

नकाशा झाल्यावर स्वतःला खरं उत्तर द्या: मागे वायर नेता येणार आहे का? 'वायरलेस सराउंड घेऊ' हा पर्याय असतो, पण त्या स्पीकरांनाही विजेचा प्लग लागतोच. वायर नाही आणि प्लगही नाही, अशी खोली असेल तर रिसीव्हरचा नाद सोडून चांगला साउंडबार घेणं शहाणपणाचं. किंवा ३.१ करा: डावा, उजवा, मधला आणि सबवूफर. मला स्वतःला विचाराल तर कोपऱ्यात कोंबलेल्या सात स्पीकरांपेक्षा नीट मांडलेले तीन कधीही बरे. मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून बहुतेक सगळे संवाद येतात, आणि घरोघरची खरी तक्रार 'बोललेलं कळत नाही' हीच असते.

बहुतेक हॉलांचं उत्तर सात चॅनलच्या रिसीव्हरवर येऊन थांबतं. आज पाच लावा, पुढे वाटलंच तर वरचे दोन जोडा. नऊ किंवा अकरा चॅनल ज्यांची खोली वेगळी आणि छत मोकळं आहे त्यांच्यासाठी.

पायरी २: स्पीकर आधी ठरवा, मग वॉट बघा

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत वॉट छापलेले असतात, आणि सगळ्यात कमी उपयोगाचा आकडाही तोच. कारण वॉट कसे मोजले ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. एक उत्पादक म्हणतो '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू, ०.०८ टक्के टीएचडी'. दुसरा म्हणतो '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनल चालू, १० टक्के टीएचडी'. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप, टीएचडी म्हणजे आवाजाची मोडतोड किती होते त्याचं माप. दहा टक्क्यांपर्यंत आवाज उघडउघड फाटलेला असतो. पहिल्या पद्धतीने मोजलेले ८० वॉट दुसऱ्या पद्धतीने दीडशेच्या वरही दिसू शकतात, पेटी तीच. म्हणून दोन मॉडेलांची तुलना करताना संपूर्ण पट्टा, ८ ओहम आणि दोन चॅनल चालू असलेलाच आकडा शोधा. तो माहितीपत्रकात कुठेच नसेल तर त्यातून जे समजायचं ते समजा.

आता हे वॉट लागतात किती? स्पीकरच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' लिहिलेली असते. समजा ८७ डेसिबल. म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज. तुम्ही ३ मीटरवर बसता. मोकळ्या मैदानात इतक्या अंतराला साडेनऊ डेसिबल गळतात, बंद खोलीत भिंतींमुळे त्याहून कमी. तरी साडेनऊच धरू. म्हणजे एका वॉटमध्ये सोफ्यावर ७७-७८ डेसिबल. साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. म्हणजे रोज संध्याकाळी तुम्ही जे बघता त्यात एकेका स्पीकरला धड एक वॉटही लागत नाही!

मग शंभर कशाला? स्फोटासाठी. १० डेसिबल वाढवायला दहापट वॉट लागतात: १० वॉटला ८८, १०० वॉटला ९८. पण हाच हिशेब उलटा वाचला की विक्रेत्याची पंचाईत होते. ५० चे १०० वॉट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे 'हां, थोडा मोठा झाला' एवढंच. ९० वॉटचा सोडून ११० चा घेण्यासाठी जास्त पैसे मोजणं व्यर्थ आहे. त्यापेक्षा ८५ ऐवजी ८८ डेसिबलचा स्पीकर घेतलात तर वॉट दुप्पट केल्यासारखाच फरक पडतो.

ओहमकडे मात्र लक्ष द्या. ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या मानाने त्याच व्होल्टेजला दुप्पट करंट ओढतो. रिसीव्हरच्या मागच्या बाजूला टर्मिनलांजवळ '४–१६' किंवा '६–१६ ओहम' असं छापलेलं असतं. स्पीकर चारचा आणि पेटी सहाची असेल तर मोठ्या आवाजात पेटी तापते आणि स्वतःला वाचवायला बंद पडते. बऱ्याच रिसीव्हरांच्या मेनूत ओहम निवडायचा पर्याय असतो. तो कमी आकड्यावर नेला की आतलं व्होल्टेज कमी होतं आणि ताकदही जाते. जुळणारे स्पीकर असतील तर त्याला हात लावायची गरज नाही.

सबवूफर घेणार असाल तर रिसीव्हरवरचा भार आणखी हलका होतो. ८० हर्ट्झच्या खालचा सगळा जड आवाज सबवूफरकडे वळवता येतो, आणि ताकद तिथेच तर खर्च होत असते. सबवूफरची दोन सॉकेटं दिसली म्हणून हरखून जाऊ नका. बऱ्याच मॉडेलांत ती आतून एकच असतात, सिग्नल नुसता दोन जागी वाटलेला. दोन सबवूफर वेगवेगळे मोजून जुळवायचे असतील तर ती सॉकेटं स्वतंत्र आहेत का ते विचारून घ्या.

पायरी ३: कुठली वायर कुठे जाणार

नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूला तुमच्याकडची उपकरणं लिहा. मग प्रत्येकापुढे लिहा की ते रिसीव्हरला लागणार की टीव्हीला.

तुम्ही सगळं टीव्हीतल्याच ॲपवर बघत असाल तर आवाज टीव्हीतून रिसीव्हरकडे 'उलटा' यायला हवा. त्यासाठी एचडीएमआयमध्ये (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी वायर) आवाज परत आणायच्या दोन सोयी आहेत: एआरसी आणि तिची नवी, जास्त आवाज नेणारी आवृत्ती ईएआरसी. एआरसी २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलं. त्यातून दोन चॅनलचा साधा आवाज किंवा दाबून लहान केलेला डॉल्बी आवाज जातो. स्ट्रीमिंगचं ॲटमॉस बहुधा याच दाबलेल्या प्रकारात असतं, त्यामुळे टीव्हीने साथ दिली तर ते जुन्या एआरसीतूनही येतं. ब्लू-रे डिस्कवरचं, दर्जा जराही न घटवता साठवलेलं ॲटमॉस किंवा कन्सोलचा बहुचॅनल पीसीएम (म्हणजे अजिबात न दाबलेला) आवाज टीव्हीमार्गे आणायचा असेल तर ईएआरसीच लागतं, तेही दोन्ही बाजूंना. टीव्हीच्या मागे चार सॉकेटं असली तरी ईएआरसी बहुतेक वेळा एकाच सॉकेटवर असतं आणि त्याच्याजवळ तसं लिहिलेलं असतं. 'आवाजच येत नाही' म्हणून आलेल्या फोनांपैकी निम्मे 'वायर दुसऱ्या भोकात घाल' एवढ्यावर मिटतात. उरलेल्यांपैकी निम्मे टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार 'पीसीएम' वरून 'पासथ्रू' किंवा 'बिटस्ट्रीम' केल्यावर.

एक खोच अशी की काही टीव्ही डीटीएसचा (डिस्कवर सापडणारा, डॉल्बीसारखाच दुसरा प्रकार) आवाज पुढे पाठवतच नाहीत. घरात डिस्कचा संग्रह असेल तर प्लेयर थेट रिसीव्हरला लावा आणि टीव्हीला मध्ये येऊच देऊ नका.

गेम खेळणारं कोणी घरात आहे का? असेल तर ४के १२० (४के चित्र सेकंदाला १२० वेळा) आणि व्हीआरआर (खेळाप्रमाणे पडद्याचा वेग बदलणं) हे शब्द शोधा. एचडीएमआय २.० ची वाट १८ गिगाबिट प्रति सेकंद इतकी रुंद, २.१ ची ४८ पर्यंत. रिसीव्हरांत ४० चा आकडाही दिसतो आणि ४के १२० ला तो पुरतो. पण खोक्यावर '२.१' लिहिलंय म्हणून सगळी सॉकेटं तशीच असतील असं नाही. सहापैकी एक किंवा तीनच तशी, बाकीची जुनी, असं सर्रास असतं. २०२० मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या २.१ रिसीव्हरांपैकी काहींत चिपचा दोष निघाला आणि ठरावीक कन्सोलचं ४के १२० चित्रच दिसेना. म्हणून त्या काळातला वापरलेला रिसीव्हर स्वस्तात मिळत असेल तर एवढं आधी विचारा. घरात कोणी खेळत नसेल तर मात्र हा परिच्छेद विसरून जा. चित्रपट आणि मालिकांना १८ गिगाबिट पुरून उरतात. ८के हा शब्दही तसाच ओलांडून पुढे जा.

वापरलेला रिसीव्हर घेताना एचडीसीपी २.२ (चित्राची नक्कल रोखणारं कुलूप) आहे का ते जरूर बघा. नसेल तर ४के चित्र त्यातून पुढे जात नाही. तरीही आवाज चांगला असेल आणि किंमत पटत असेल तर उपकरणं टीव्हीला लावून आवाज एआरसीने आणता येतो. जुन्या पेट्यांचे ॲम्प्लिफायर अनेकदा झकास असतात, म्हातारं होतं ते एचडीएमआय.

पायरी ४: खोली मोजणारा मायक्रोफोन

दोन रिसीव्हरांत खरा कानाला कळणारा फरक बहुतेक इथेच असतो, त्यामुळे इथे जरा थांबू.

प्रत्येक खोली काही स्वर फुगवते आणि काही गिळते. दोन समोरासमोरच्या भिंतींत ४.३ मीटर अंतर असेल तर ४० हर्ट्झच्या आसपासचा जड आवाज त्यांच्यात अडकून घुमतो. त्याचा परिणाम असा की सोफ्याच्या एका टोकाला बसलेला म्हणतो 'बास फार आहे' आणि मधे बसलेला म्हणतो 'बास कुठाय?' दोघंही खरंच बोलत असतात.

यावर उपाय म्हणून रिसीव्हरबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो. तो बसायच्या जागी ठेवला की प्रत्येक स्पीकरमधून 'व्हूप' असा आवाज येतो. त्यावरून रिसीव्हर अंतर, आवाजाची पातळी आणि चढउतार मोजून दुरुस्ती करतो. डेनॉन आणि मरांट्झमध्ये हे काम ऑडिसी करतं, यामाहात वायपीएओ, ओंक्योच्या वरच्या मॉडेलांत स्वीडनच्या कंपनीचं डिरॅक लाइव्ह. अँथमच्या पद्धतीचं नाव चक्क एआरसी आहे आणि वर सांगितलेल्या एचडीएमआयच्या एआरसीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. नावं ठेवणाऱ्यांनी निदान एकमेकांना फोन तरी करायचा.

बघायचं काय, तर तीन गोष्टी. एक, मोजणी एकाच जागेवरून होते की अनेक. एकाच जागेची असेल तर एका माणसाचा आवाज सुधारतो, शेजारच्याचा नाही. दोन, दुरुस्ती किती बारीक आहे. ऑडिसीच्या पायऱ्या आहेत: साधं मल्टइक्यू, मग एक्सटी, मग एक्सटी३२. खालच्या स्वरांत शेवटच्याची दुरुस्ती पहिल्यापेक्षा कितीतरी बारीक असते. तीन, दुरुस्ती कुठपर्यंत करायची ते तुम्हाला ठरवता येतं का. चांगल्या स्पीकरांच्या वरच्या स्वरांना अनेकांना हात लावायचा नसतो, फक्त बास सरळ करायचा असतो. ही मुभा कधी मेनूत असते, कधी फोनवरच्या वेगळ्या विकतच्या ॲपमध्ये. घेण्याआधी शोधून ठेवा. माझा कौल विचाराल तर २० वॉट कमी आणि मोजणी एक पायरी वरची, असा सौदा मी डोळे मिटून करेन.

पण या जादूलाही मर्यादा आहे. खोलीने फुगवलेला स्वर खाली आणता येतो, खोलीने गिळलेला स्वर परत आणता येत नाही. तिथे जितकी ताकद ओताल तितकी खोली गिळते. अशा वेळी सबवूफर हलवा. त्याची जागा शोधायची जुनी युक्ती विनोदी आहे पण लागू पडते. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बास भरपूर असलेलं काहीतरी लावा आणि गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरा. जिथे आवाज घट्ट आणि सारखा लागेल ती सबवूफरची जागा. घरचे हसतात. हसू द्या.

पायरी ५: पेटी बसणार कुठे

टेप पुन्हा काढा. साधारण रिसीव्हर ४३-४४ सेंटिमीटर रुंद, १६-१७ उंच आणि ३२ ते ४० खोल असतो. त्यात मागच्या वायरींसाठी ५-६ सेंटिमीटर धरा, कारण जाड एचडीएमआय वायर काटकोनात वळत नाही. वायफायचे दोन अँटेना मागून उभे राहतात, ते कोणी मोजत नाही. वर निदान १० सेंटिमीटर मोकळे हवेत आणि कपाटाची मागची बाजू उघडी हवी. जागाच कमी असेल तर मरांट्झची सपाट मॉडेलं ११ सेंटिमीटरच्या आसपास उंचीची असतात. त्यांची ताकद थोडी कमी असते, पण हॉलला चालून जाते.

माझं कपाट काचेच्या दाराचं होतं. धूळ नको म्हणून दार लावून बसलो. चाळीसेक मिनिटांनी ऐन पाठलागाच्या प्रसंगात 'टक्' असा रिलेचा आवाज आला आणि सगळं शांत. समोर लाल दिवा लुकलुकत होता. दार उघडलं तर आतून भट्टीसारखी धग आली. दुसऱ्या दिवशी कपाटाची मागची प्लायवूड कापली आणि दार कायमचं काढून टाकलं.

तसाच लाल दिवा पुढे एकदा वायरीमुळेही पेटला. स्पीकरची वायर सोलताना तांब्याचा एक तंतू बाहेर राहिला होता. केसाएवढा असेल. तो शेजारच्या टर्मिनलला टेकला होता. टॉर्च आणि भिंग घेऊन शोधावा लागला. सोललेलं टोक घट्ट पिळा, किंवा सरळ बनाना प्लग लावा. वायर १६ गेजची साधी तांब्याची पुरे (गेजचा आकडा कमी तशी वायर जाड). ८ ओहमच्या स्पीकरला १० मीटरपर्यंत ती निर्धास्त वापरा. त्याहून लांब किंवा ४ ओहमचा स्पीकर असेल तर १४ गेज. सोन्याचा मुलामा, दिशा दाखवणारे बाण असल्या स्पीकरवायरींकडे ढुंकूनही बघू नका. एचडीएमआयची गोष्ट वेगळी. ४के १२० साठी 'अल्ट्रा हाय स्पीड' असं प्रमाणपत्राचं लेबल असलेली वायर घ्या. पाच मीटरच्या पुढे जायचं असेल तर फायबरची. तिच्यावरचा बाण मात्र खरा असतो, उलटी लावली तर चित्र येत नाही.

काय सोडून द्यायचं

बाय-ॲम्पिंग सोडा, रिसीव्हरमधल्याच दोन चॅनलांनी एक स्पीकर वाजवून हाती फारसं काही लागत नाही. 'स्टेडियम', 'जाझ क्लब' असले आवाजाचे प्रकार पहिल्या आठवड्यात सगळे दाबून बघतात आणि मग कधीच नाही. प्री-आउटची सॉकेटं असली तर चांगलं, पुढे वेगळा ॲम्प्लिफायर जोडता येतो, पण त्यासाठी वरच्या मॉडेलवर उडी मारू नका. रेकॉर्ड प्लेयर असेल तर फोनो इनपुट बघा. नवीन मॉडेल येतं तेव्हा आदलं उतरत्या किमतीत मिळतं आणि दोघांत बहुतेकदा फरक मामुली असतो. मी दोनदा आदलंच घेतलं.

पहिली संध्याकाळ

घाई करू नका. सगळं बंद असताना वायरी जोडा. लाल टर्मिनल लालला, काळं काळ्याला, दोन्ही टोकांना. एक जरी उलटं झालं तर बास विरतो आणि संवाद मधून न येता कुठूनतरी तरंगत येतात. सेंटर स्पीकर फळीच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढा आणि खाली असेल तर रबराचा एखादा तुकडा लावून त्याचं तोंड कानाकडे वळवा.

मग मोजणी. पंखा बंद, एसी बंद, सगळ्यांना खोलीबाहेर काढा. मायक्रोफोन सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, त्याला मागच्या गादीचा आवाज लागतो. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड घेऊन कानाच्या उंचीवर ठेवा. पहिली जागा तुमच्या बसायचीच असली पाहिजे, कारण ऑडिसीत अंतर आणि पातळी तिथूनच ठरते. बाकीच्या जागा तिच्या आसपास, हातभर अंतरावर.

मोजणी संपली की मेनूत जाऊन तपासा. रिसीव्हरने समोरच्या स्पीकरांना 'लार्ज' ठरवलं असेल तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती रेघ, ८० हर्ट्झवर आणा. 'स्मॉल' म्हणजे स्पीकरचा अपमान नाही, जड आवाज सबवूफरकडे पाठव एवढाच त्याचा अर्थ. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा मीटर-दीड मीटर जास्त दाखवत असेल तर घाबरू नका. त्याच्या आतल्या सर्किटला लागणारा उशीर रिसीव्हरने अंतरात धरलेला असतो. तो आकडा तसाच ठेवा.

बऱ्याच रिसीव्हरांत आवाजाचा आकडा उणे दिसतो. शून्य म्हणजे चित्रपटगृहाची प्रमाण पातळी, जिथे एकेका चॅनलचा शिखरावरचा आवाज १०५ डेसिबलपर्यंत जातो. घरात उणे ३० ते उणे २० मध्ये बहुतेकांचं भागतं. रात्री हळू आवाजात संवाद हरवत असतील तर सेंटरची पातळी २-३ डेसिबल वाढवा, आणि ऑडिसी असेल तर 'डायनॅमिक व्हॉल्यूम' चालू करून बघा. त्याने स्फोट खाली येतात आणि कुजबुज वर.

सगळं मनासारखं झालं की मेनूच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा. पुढे कधी पेटी मूळ स्थितीवर आणायची वेळ आली, तर क्रॉसओव्हर, अंतरं, पातळ्या सगळं पुसलं जातं, आणि तेव्हा हे आकडे फोटो बघून पुन्हा भरता येतात. मायक्रोफोनने केलेली स्वरांची दुरुस्ती मात्र फोटोतून परत येत नाही, तिच्यासाठी सगळ्यांना पुन्हा खोलीबाहेर काढावं लागतं.